आमच्या लॅबच्या मामांना

मामा,

तोंडावर आभार मानले की "असू द्या की सर" म्हणत तुम्ही बीकर विसळायला वळता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

बारावीची प्रॅक्टिकल्स 'फ्लिप' करायचं मी डोक्यात घेतलं ते गेल्या वर्षी. ब्यूरेट (मिलीच्या खुणा असलेली, खाली तोटी असलेली काचेची उभी नळी) कशी भरायची, काय वाचायचं हे मुलांनी आधीच व्हिडिओत बघून यायचं आणि लॅबमध्ये आल्या आल्या कामाला लागायचं. नाहीतर डबल पिरियडमधला अर्धा तास माझ्या सूचनांतच जायचा आणि घंटा जवळ आली की अख्खी बॅच पहिल्या टेबलाचा सीबीआर, म्हणजे ब्यूरेटचं पुन्हापुन्हा सारखं येणारं रीडिंग, जर्नलात उतरवून मोकळी व्हायची.

कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्कच्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या केमिस्ट्रीच्या दोन शिक्षकांनी २००७ साली असं रेकॉर्डिंग सुरू केलं, ते सामन्यांपायी तास बुडणाऱ्या मुलांसाठी. आपल्याकडे सामने नसतील, पण द्राक्षाची छाटणी आहे. ऑक्टोबरात तासगावात हजेरी घेऊन बघावी!

पहिल्या व्हिडिओत मी फळ्यापुढे १४ मिनिटं बोललो. मोबाईल तुम्ही धरला होता. संपल्यावर म्हणालात, "सर, बोलताय लई. दिसत कायच न्हाई." खरं सांगतो, राग आला. पण दुसरा व्हिडिओ तुमच्या हातांचा झाला. डावा हात ब्यूरेटला मागून वेढा घालून तोटीवर, उजव्या हातात गोल फिरणारा फ्लास्क. तोटीखालचा बुडबुडा तुम्ही तोटी झटक्यात उघडून घालवलात. वरचं फनेल आठवणीनं काढून ठेवलंत. त्याच्यातून एखादा थेंब पडला तरी रीडिंग बिघडतं, हे इतक्या वर्षांत मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. परमँगनेटचं जांभळं द्रावण गडद, म्हणून त्याच्या पृष्ठभागाची खालची नाही, वरची कड वाचायची, तीही तुम्ही बोट ठेवून दाखवलीत. साडेतीन मिनिटांत सगळं.

तरीही पहिल्या आठवड्यात बावीसपैकी सहाच जण बघून आले. मी सगळ्यांवर ओरडलो. मुलं गेल्यावर तुम्ही हळूच सांगितलंत की बऱ्याच घरांत मोबाईल एकच, आणि तो वडिलांबरोबर बागेत असतो. दुसऱ्या दिवसापासून नऊची लॅब साडेआठला उघडी, कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पुसून चालू केलेला. त्या अर्ध्या तासाचे पैसे तुम्हाला कोणी देत नाही, एवढं मला कळतं.

आणि त्या बाटल्या! ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिडच्या १० मिलीला गुलाबी रंग टिकेपर्यंत ०.०२ मोलर परमँगनेट बरोबर १० मिली लागतं, हे उत्तर मुलांना वरच्या वर्गाकडून आयतं मिळायचं. माझ्याकडून वजनांची चिठ्ठी घेऊन तुम्ही चार टेबलांसाठी चार वेगळ्या तीव्रतेचं ऑक्झॅलिक तयार ठेवलंत. एकीचं ९.१ आलं, शेजारच्या टेबलावरचीचं १०.८. दोघी भांडतच माझ्याकडे आल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

त्याच दिवशी एकाचा फ्लास्क गुलाबी व्हायच्या ऐवजी तपकिरी, गढूळ झाला. पूर्वी मी "ओतून टाक, परत कर" म्हणून पुढे गेलो असतो. आता हाताशी वेळ होता. स्टूल ओढून त्याच्याजवळ बसलो. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं की मँगनीज डायऑक्साइड होतं, इथपर्यंत तो स्वतःच पोचला. तुम्ही लांबून बघत होतात आणि मुकाट्यानं धुतलेला फ्लास्क आणून ठेवलात.

आता दिवाळीनंतर सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेला क्षार ओळखायचा. नायट्रेट ओळखायच्या ब्राउन रिंग टेस्टला टेस्टट्यूब किती तिरकी धरायची आणि ॲसिड काचेवरून कसं सोडायचं, ते तुमच्याच हातांनी घ्यायचंय. मी मागून कमी बोलीन. येताना तो लग्नातला पांढरा शर्ट तेवढा घालू नका.

तुमचा,
केमिस्ट्रीचा सर
तासगाव, जि. सांगली