घोळणा फुटला की सगळा दोष उन्हाला देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात सलून चालवतो, वडलांपासूनचा धंदा आहे, तुमचा पेपर दुकानात रोज येतो आणि नंबर लागेपर्यंत गिऱ्हाईक तोच वाचत बसते. विषय किळसवाणा वाटेल पण उन्हाळा तोंडावर आलाय म्हणून लिहितोय. नाकात बोट घालायची सवय. माणसाचं नाक आम्ही रोज वीतभर अंतरावरून बघतो, म्हणून मला यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं वाटते.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे साडेबारा, पारा 44 च्या वर, कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसता गरम वारा फेकत होता. सात-आठ वर्षांचं लेकरू खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून बसवलेलं, गळ्याभोवती पांढरं कापड, आणि त्या कापडाखालून हात वर काढून बोट सारखं नाकात. मी दोनदा म्हणलं, बाबू हात खाली ठेव. तिसऱ्या वेळी बोट बाहेर आलं ते नखाला लाल लागूनच, आणि कापडावर टपटप सुरू झालं. मग जी धावपळ झाली ती प्रत्येक गावात अशीच होते, बापानं डोकं मागं दाबून धरलं, एकानं टाळूवर पाणी ओतलं, समोरच्या घरून कोणी कांदा फोडून हुंगायला आणला. लेकराला ठसका लागला, दोन मिनिटांत उलटी झाली, उलटीत रक्त, आणि ते बघून बापाचे पायच गळाले. शेवटी मोटरसायकलवर तालुक्याला नेलं, मी मागं पोराला धरून बसलो होतो.

तिथं डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं तर पोराची मान पुढं झुकवली. नाकाचा खालचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरला, तोंडानं श्वास घे म्हणले, घशात आलेलं रक्त गिळायचं नाही थुंकायचं. पूर्ण दहा मिनिटं धरलं, मधात एकदाही सोडून बघितलं नाही. रक्त थांबलं. औषध नाही, इंजेक्शन नाही. मान मागं केली की रक्त घशातून पोटात जाते आणि म्हणून उलटी होते, एवढी साधी गोष्ट माझ्या दुकानातल्या आठ-दहा जाणत्या माणसांपैकी कोणालाच माहीत नव्हती, मला पण नाही. दहा मिनिटांत नाही थांबलं तर अजून दहा मिनिटं धरायचं, तरी नाही थांबलं, किंवा मार लागून रक्त आलं असेल, किंवा म्हाताऱ्या माणसाला बीपी आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर थेट दवाखाना.

डॉक्टर म्हणले, ऊन अर्धं कारण आहे, अर्धं कारण हे नख. नाकाच्या मधल्या पडद्यावर अगदी पुढं, बोटाचं टोक पोचते तिथंच, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असते आणि शंभरातले नव्वद घोळणे तिथूनच फुटतात. उन्हानं, कोरड्या हवेनं आतली कातडी सुकते, मेकूड धरते, ते टोचते म्हणून लेकरू कोरते, कोरलं की जखम, जखमेवर खपली, खपली पुन्हा टोचते. म्हणजे हे चक्कर तोडायचं तर आधी कोरडेपणा घालवावा लागते. नुसतं थापड मारून काही होत नाही. पोराच्या हातावर फटका मारणारे मायबाप मी रोज बघतो, पोरगं घाबरून हात खाली घेते आणि आरशात आपलं लक्ष नसलं की पुन्हा सुरू.

आणि हे फक्त लेकरांचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या दवाखान्यातल्या दोन डॉक्टरांनी चार शाळांतल्या 200 वयात आलेल्या मुलामुलींना विचारून अभ्यास केला होता, जवळपास सगळ्यांनीच नाकात बोट घालतो असं कबूल केलं, दिवसातून चारदा वगैरे. त्याला 2001 साली अमेरिकेतलं इग नोबेल, म्हणजे आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, लोक हसले असतील, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. साधारण तीन माणसांतल्या एकाच्या नाकात स्टॅफ नावाचा जंतू गुपचूप राहते, त्याला स्वतःला त्रास नसते, पण बोटावरून तो जखमेत गेला की पू धरते. आपल्याकडं तर बोटाला काय काय लागलेलं असते, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटलेला असते, तुरीचा भुसा, कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस हात न धुता नाक कोरत दुकानात बसलेला मी स्वतः पाहिला आहे.

दुसरं म्हणजे नाकातले केस. दाढी झाली की गिऱ्हाईक म्हणते, चिमट्यानं उपटून टाक ना दोन-चार. मी आता स्वच्छ नाही म्हणतो. केस धूळ अडवायला असतात, फार बाहेर आले तर गोल टोकाच्या कैचीनं, स्पिरिटनं पुसून, बाहेरचे तेवढे छाटायचे. उपटला की मुळाशी पुळी येते, आणि नाकातली पुळी कधीच फोडू नये कारण नाकापासून ओठाच्या कोपऱ्यांपर्यंतच्या भागातल्या शिरा आत डोक्याकडं जोडलेल्या आहेत. मेंदूपर्यंत लागण जाणं क्वचितच होते, पण झालं तर जिवावर बेतते. नाक सुजलं, ताप आला, डोळ्याजवळ सूज दिसली तर वाट पाहू नका.

घरी मी काय करतो ते सांगतो. माझ्या धाकट्याची नखं दर रविवारी कापतो. रात्री झोपताना नाकपुडीच्या आत कडेकडेनं पातळसं व्हॅसलिन, फार आत नाही. मेकूड घट्ट झालं असेल तर मेडिकलमधले सलाईनचे थेंब, किंवा उकळून थंड केलेल्या ग्लासभर पाण्यात पाव चमचा मीठ, त्याचे दोन थेंब, पाच मिनिटांनी ते आपोआप सुटते. पाणी उकळलेलंच पाहिजे, विहिरीचं नळाचं तसंच नाकात घेऊ नका, केरळात त्यातल्या अमिबानं माणसं गेली आहेत. शिंकरायचं तर एक नाकपुडी दाबून दुसरी, हळू, जोर लावला की शेंबूड कानाकडं ढकलला जाते. रुमाल खिशात, आणि नंतर साबणानं हात. घोळणा फुटून गेल्यावर दोन-तीन दिवस नाकाला हात नाही, हे मात्र पोराजवळ बसून समजवावं लागते.

बारक्या बाळाच्या नाकात आंघोळीच्या वेळी तेल सोडतात ते पण बंद झालं पाहिजे, तेल छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकते. आणि लेकराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत हरभरा, चिंचोका काहीतरी अडकलं आहे असं समजा, घरी काडी घालून काढू नका. खेळण्यातलं बटणासारखं सेल असेल तर त्याच तासाला दवाखान्यात न्या, ते आतून जाळते.

शाळेत हात धुवायचं शिकवतात ते चांगलंच आहे, पण नाकाबद्दल मी आजवर कुठं भिंतीवर एक ओळ लिहिलेली पाहिली नाही. मार्च लागायच्या आत तुमच्या पेपरात घोळणा फुटल्यावर नाक कसं धरायचं याचं एक मोठं चित्र छापा ही विनंती, मान पुढं, चिमूट, दहा मिनिटं. मी ते कापून आरशाच्या बाजूला लावतो, आणि एक जिल्हा परिषद शाळेत गुरुजींकडं नेऊन देतो.

आपला नेहमीचा वाचक,
एक सलूनवाला, ता. दर्यापूर, जि. अमरावती