‘न वापरलेले’ म्हणून पाठवलेल्या ईएल८४ व्हॉल्व्हबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

वडिलांच्या जुन्या रेडिओसाठी मी आपल्याकडून दोन ईएल८४ व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या, आतून निर्वात काचेच्या नळ्या) ३,६०० रुपयांना मागवले. एक लावायला, एक शिलकीला. पावतीवर ‘न वापरलेले, तपासलेले’ असे स्पष्ट छापले आहे.

एका व्हॉल्व्हची काच डोक्याशी दुधासारखी पांढरी निघाली. तिथे गेटरचा, म्हणजे आत उरलेली हवा शोषणाऱ्या धातूचा, चंदेरी, आरशासारखा थर असतो. तो पांढरा पडला म्हणजे आत हवा शिरली. हे नुसत्या डोळ्यांना दिसते. फोटो मी त्याच संध्याकाळी पाठवला होता.

दुसरा माझ्या टेस्टरवर लावला. व्हॉल्व्हच्या आतल्या भागांना ठरलेले व्होल्ट दिले: हीटरला, म्हणजे तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट, प्लेट आणि स्क्रीनला २५०, ग्रिडला उणे ७.३. एवढ्यावर ४८ मिलिअँपिअर प्लेट करंट यायला हवा. सुरुवातीला ३९ आला आणि वीस मिनिटांत १७ वर उतरला.

यावर आपले उत्तर आले, ‘घरगुती उपकरणावरची चाचणी ग्राह्य नाही.’ याचे मला फार वाईट वाटले. टेस्टर घरी बनवलाय, पण अंदाजपंचे नाही. अमळनेरला संध्याकाळी लाईट १९० व्होल्टपर्यंत उतरते, म्हणून आधी व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरियॅक जोडलाय, हीटर आणि प्लेटला वेगवेगळे मीटर आहेत. दरवेळी आधी वडिलांनी जपून ठेवलेला बंगळूरच्या बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) कंपनीचा व्हॉल्व्ह लावून बघतो. त्या दिवशीही, त्याच सॉकेटमध्ये, त्याने ४६ दाखवले.

थकलेला व्हॉल्व्ह हीटरला थोडा वेळ ८ व्होल्ट देऊन जागवता येतो. मीही जागवतो. कॅथोडवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावरचा, थर पुन्हा काम करू लागतो, पण बहुतेकदा टिकत नाही. आपला व्हॉल्व्ह उतरला अगदी तसाच तो उतरतो. म्हणून असा व्हॉल्व्ह कुणाला देताना मी त्यावर ‘जागवलेला’ अशी चिठ्ठी चिकटवतो. आपणही असाच व्हॉल्व्ह नवा म्हणून विकलात, असा माझा संशय आहे. तसे नसेल तर या दोन नगांची आपण घेतलेली मापे लेखी पाठवा.

पूर्ण रक्कम कुरिअर खर्चासह १५ दिवसांत परत करावी. नाहीतर मी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. आपले व्हॉल्व्ह मी जागवून पाहिलेले नाहीत. दोन्ही आलेल्या खोक्यात तसेच ठेवलेत, माणूस पाठवून घेऊन जावेत.

आपला ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव