मुख्यमंत्री साहेब, गोव्याच्या हक्कांसाठी एक समिती नेमाच

मा. मुख्यमंत्री साहेब, नमस्कार.

१५ ऑगस्टला तुम्ही पणजीत झेंडा फडकवता, तो मान मुख्यमंत्र्यांना १९७४ पासून मिळाला, त्याआधी राज्याराज्यांत राज्यपालच फडकवायचे. तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री, द्रमुकचे करुणानिधी यांनी इंदिरा गांधींकडे विषय लावून धरला म्हणून ते झालं. आपल्याकडे द्रमुक म्हटलं की लोकांना फक्त हिंदीविरोध आठवतो, पण तो पक्ष वाढला कसा ते बघण्यासारखं आहे. १९४९ ला अण्णादुराईंनी काढला तेव्हा मागणी वेगळ्या द्रविडनाडूची होती, १९६३ ला ती सोडली आणि भारतातच राहून राज्यांना जास्त अधिकार द्या ही भूमिका घेतली, १९६७ ला सत्ता आली, १९६९ ला केंद्र-राज्य संबंधांवर राजमन्नार समिती नेमली आणि १९७४ ला विधानसभेत स्वायत्ततेचा ठरावच केला. मधे १९७१ ला इंदिराजींबरोबर युती होती बरं का, तरी मागणी सोडली नाही.

१९६७ आपलंही वर्ष आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा याचा जनमत कौल तेव्हा झाला. आमच्या घरातली मोठी माणसं त्यात फुलाच्या म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूची, कट्टर मगोवाली (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची), पण दोन पानं म्हणजे वेगळ्या गोव्याची बाजू जिंकली म्हणूनच १९८७ ला घटक राज्य झालं हे आज आमच्या घरातही सगळे मान्य करतात.

पण राज्य मिळून हातात काय राहिलं? २०१६ च्या कायद्याने मांडवी, झुआरी, साळ धरून आपल्या सहा नद्या राष्ट्रीय जलमार्ग झाल्या, म्हणजे त्यांच्यावर केंद्राचा हात आला. म्हादई नदीचं तर विचारूच नका, पाणीतंट्याच्या लवादाने २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, २०२२ च्या डिसेंबरात ते पाणी वळवायच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या डीपीआरला (सविस्तर आराखड्याला) केंद्रीय जल आयोगाने मंजुरी दिली. लोकसभेत कर्नाटकाचे २८ खासदार, आपले २. आकड्यांवर आपण कधीच जिंकणार नाही साहेब, लहान राज्याला घटनेतले अधिकार हाच आधार, आणि तेच ढिले पडले तर उद्या वाळपई-सत्तरीतल्या माणसाने कोणाकडे जायचं?

तामिळनाडूने २०२५ ला राज्यांच्या अधिकारांवर परत न्या. कुरियन जोसेफ यांची समिती नेमली. तशीच गोव्यात नेमा, निवृत्त न्यायाधीश घ्या, नद्या, बंदर, जमीन, जीएसटी सगळं तपासू द्या. दिल्लीत तुमचाच पक्ष आहे म्हणून अडचण वाटत असेल तर उलट आहे, तुमचं तिथे ऐकलं जाईल. आणि ही समिती नेमण्याचा ठराव शुक्रवारी कुणा आमदाराच्या खासगी ठरावातून नको, येत्या अधिवेशनात सरकारने स्वतः आणावा, चाळीसही आमदारांच्या सहीने.

आपला,
फोंड्याचा एक मतदार