सोबत बाबांची टोपी देते आहे

सदाशिव पेठ, पुणे
गुरुवार, रात्री साडेदहा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शंकरपाळ्यांच्या डब्यात पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर काही सांगायला गेलं की तू "हो गं आई, बघतो" म्हणतोस आणि मागून मला तुझ्या लॅपटॉपची टकटक ऐकू येत असते. डबा चांदणी चौक ओलांडायच्या आत उघडला जाणार हे ठाऊक आहे, म्हणून अगदी वर ठेवलंय. गाडी तू चालवत असशील तर सूनबाईला मोठ्याने वाचायला सांग. तिनेही ऐकायला हवंय.

मुळशीच्या त्या बंगल्याचे फोटो तिने पाठवले होते. छान आहे, धरणाचं पाणी दिसतं, झोपाळा आहे. पण मी शेवटचा फोटो मोठा करून बघितला. हॉलचं काचेचं सरकतं दार, बाहेर चार फरशा, आणि लगेच स्विमिंग पूल. मध्ये कठडा नाही, साधी कुंडीसुद्धा नाही. छोटू अडीच वर्षांचा आहे आणि सरकती दारं त्याला उघडता येतात. आमच्या गॅलरीचं तो दिवसातून दहा वेळा उघडतो. मी तुला विचारलं, राखणीला कोण असणार? तू हसलास. "आई, चौदा जण आहोत आम्ही. मोठी माणसं नऊ. सगळेच असणार की तिथे!"

या "सगळेच असणार"पायी पत्र लिहायला बसले आहे.

तू लहानपणी पाण्यात पडलास, ती गोष्ट आपल्याकडे दर दिवाळीला निघते. आईने साडीसकट सूर मारला, बाबांचा चष्मा पाण्यात गेला, आणि बाहेर आल्या आल्या तू भेळ मागितलीस. सगळे हसतात, तूही हसतोस. त्यातली भेळ तेवढी खरी आहे. तीसुद्धा तू मागितली नव्हतीस.

१९९३ चा मे महिना. बाबांच्या ऑफिसची सहल, पानशेत रस्त्यावरचं एक रिसॉर्ट. तू चार वर्षांचा. स्विमिंग पुलाच्या पायरीवर बसून प्लास्टिकच्या मगाने पाणी काढत होतास आणि परत ओतत होतास. मी सात-आठ पावलांवर पातेल्यात भेळ कालवत होते. बाबा काठावर पाय सोडून बसले होते, शेजारच्यांशी बदल्यांच्या गप्पा चालल्या होत्या. मला वाटलं, हे काठावरच आहेत. त्यांना वाटलं, ही त्याच्याकडे तोंड करून बसली आहे. आणखी दहा-बारा माणसं होती, त्यांना वाटलं, आईबाप दोघंही इथेच आहेत.

कुणाची तरी दहा-अकरा वर्षांची मुलगी भेळेची वाट बघत माझ्याशेजारी उभी होती. ती म्हणाली, "काकू, तो असं काय करतोय?"

तू पाण्यात ताठ उभा होतास, पण पाय तळाला टेकत नव्हते. डोकं मागे कललेलं, तोंड बरोबर पाण्याच्या रेषेवर, क्षणभर वर, क्षणभर खाली. केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला करायला तुझा हात येत नव्हता. दोन्ही हात पसरून तू नुसतं पाणी खाली दाबत होतास, शिडी चढताना पायरी दाबावी तसं. डोळे सताड उघडे. आवाज अजिबात नाही. बाबांच्या पावलांपासून तू पाच फुटांवर होतास रे.

साडीसकट उतरले हे खरं, सूर वगैरे काही नाही. पाणी माझ्या छातीइतकंच होतं, पण निऱ्या पायांत गुंतल्या आणि ती चार पावलं काही केल्या संपेनात. बाहेर काढल्यावर एकांनी तुला पाय धरून उलटं लोंबवलं, दुसऱ्यांनी पोट दाबलं. नशिबाने तुझा श्वास चालूच होता. तू ओकलास, खोकलास आणि भोकाड पसरलंस. मग सगळे हसायला लागले. तुझ्या दंडावर चिंचेची चटणी लागली होती, माझ्या बोटांची. भेळ नंतर सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. संध्याकाळपर्यंत त्याची गंमत झाली होती आणि मी ती होऊ दिली. बाबा रात्री जेवले नाहीत. त्या गोष्टीबद्दल आम्ही दोघं आजवर एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नाही.

मी विज्ञान शिकवणारी बाई. पुढे शोधून शोधून वाचलं. बुडणारा माणूस "वाचवा, वाचवा" ओरडतो, हात हलवतो, हे सिनेमात. फ्रान्सेस्को पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने १९७० च्या दशकात खरं बुडणं कसं दिसतं ते मांडलं, आणि मी काठावरून पाहिलेलं शब्दन् शब्द त्यात होतं. शरीर आधी श्वासाचं बघतं, बोलणं नंतर. तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्या वेळात एक श्वास जेमतेम होतो, हाक कुठून मारणार? हात आपोआप पाणी दाबायला लागतात, हलवू म्हटलं तरी हलवता येत नाहीत. मोठा माणूस असा फार तर मिनिटभर टिकतो, लहान मूल त्याहून कमी. पाण्याखाली गेल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणजे कान देऊन उपयोग नाही, डोळेच लावावे लागतात. उलट खिदळणं, पाणी उडवणं चालू असलं की समज, सगळं ठीक आहे. पोरं एकदम गप्प झाली की बघ.

धबधब्याला आपण भितो. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ पुण्यात घरोघरी पाहिला गेला. निळ्या फरशांचं स्वच्छ, स्थिर पाणी मात्र घरातल्या टबासारखं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, त्यात चौघांमागे एक पाच वर्षांच्या आतलं मूल. त्यातली सगळी काही नदी-समुद्रात नव्हेत. छोटूच्या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून बघायला गेलं की तोल पुढे जातो आणि मग उलटं होता येत नाही. तेवढ्याला बादलीही पुरते. (तुमच्या बाथरूममधलं पाणीकपातीचं पिंप, त्याला झाकण आणलंस का?)

आम्ही माहेरी विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक मामाच्या हातात. मामा एरवी विडीवर विडी ओढणारा. पण पोरं पाण्यात असेपर्यंत त्याने कधी काडी पेटवलेली मी पाहिली नाही. कुणी बांधावरून हाक मारली तरी मान वळवायचा नाही, विहिरीत बघतच ओ द्यायचा. आजोबा, काका, गडी, सगळे तिथेच असायचे, पण "सगळे आहेत" असं कुणी म्हणायचं नाही. दोर मामाकडे होता.

तुमच्याकडे दोर नाही, म्हणून बाबांची टोपी देते आहे. पांढरी, पर्वती चढायला जाताना घालतात ती. पोरं पुलाजवळ असतील तोवर ती कुणाच्या तरी एकाच्या डोक्यावर असली पाहिजे. ज्याच्या डोक्यावर टोपी, तो राखणदार. त्याने फोन हातात घ्यायचा नाही, पत्ते खेळायचे नाहीत, भजी तळली का ते बघायला आत जायचं नाही, आणि बिअरचा ग्लास तर मुळीच नाही. वीस मिनिटं झाली की दुसऱ्याला नाव घेऊन सांगायचं, "आता तू", आणि टोपी त्याच्या डोक्यावर ठेवायची. वीसच मिनिटं, कारण त्यापुढे डोळे उघडे असले तरी लक्ष राहत नाही. वर्गात सुपरव्हिजन करून मला ते चांगलं माहीत आहे. व्याह्यांनाही टोपी द्या, ते आनंदाने घालतील. विहीणबाईंना पोहता येत नाही, तेव्हा त्यांच्या पाळीला पोहता येणारं कुणीतरी जवळ असू दे. आणि छोटू पाण्यात असेल तेव्हा टोपी पुरायची नाही. हात लांबवला की त्याचा दंड हातात आला पाहिजे, इतक्या जवळ एक मोठं माणूस पाण्यात हवं.

सर्वांत वाईट वेळ कोणती माहीत आहे? पोहून झाल्यानंतरची. सगळे टॉवेल गुंडाळून जेवायला बसलेले, पोरं आत आहेत अशी समजूत, आणि पाण्यावर एक लाल चेंडू तरंगतोय. तो चेंडू कुणाला बोलावतो ते सांगायला नको. शेवटचं माणूस बाहेर आलं की खेळणी वेचून आत आणायची. सरकत्या दाराला वरची कडी आहे का ते पोचल्या पोचल्या बघ. नसेल तर दार ओढून घेऊन खाचेत लाकडी पट्टी टाक, गॅलरीला आपण टाकतो तशी. खरं तर चारही बाजूंनी किमान चार फुटी कुंपण हवं, आणि आपोआप मिटून खिट्टी पडणारं फाटक. ते तुम्ही दोन दिवसांत बांधणार नाही, पण मालकाला विचार तरी. चार जणांनी विचारलं की पाचव्याच्या आधी बांधेल. आणि एखादं मूल दिसेनासं झालं तर खोल्या, माळा, गाडी नंतर. आधी पाण्यापाशी धावायचं.

बंगल्यावर जीवरक्षक नसतो. केअरटेकर असतो, तो चहा करतो. पाण्यात उतरण्याआधी तळ बघ. तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. पाणी गढूळ असेल तर कुणीच उतरू नका, खाली गेलेलं मूल दिसणार नाही. जाळी तुटकी किंवा सैल असेल तरी नाही. तिथून पंप पाणी ओढतो आणि ती ओढ मोठ्या माणसालाही सुटत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशीच गेली, गरम पाण्याच्या टबात. त्यानंतर २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे जाळ्यांचा कायदा झाला. थोरल्या मनूचे केस लांब आहेत, घट्ट वेणी घालून पोहायच्या टोपीत कोंब, आणि बंगल्यावरच्या त्या जकुझीत, म्हणजे तसल्याच गरम पाण्याच्या टबात, दोघांनाही नको.

खोलीच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. पेल्यातली पेन्सिल वाकडी दिसते ना, तेच कारण. वरून पाहिलं तर चार फूट पाणी तीन फूट वाटतं. स्वतः आधी उतरून कुठे किती आहे ते बघ.

मनूला पोहता येतं, हे वाक्य मात्र माझ्यासमोर बोलू नका. एकवीस दिवसांची बॅच झाली, फार छान झालं. मीच तुला टिळक टँकवर नेलं होतं त्या प्रकारानंतर, पहिला आठवडा तू माझा पदर सोडला नव्हतास. पण सर शिट्टी मारतात, गॉगल लावलेला असतो, तेव्हाचं पोहणं वेगळं आणि चपला-फ्रॉकसकट पाय घसरून पडणं वेगळं. दंडाला लावायचे ते फुगेही भरवशाचे नाहीत. एक निसटला किंवा त्यातली हवा गेली की संपलं, आणि मूल समजतं की पाणी आपल्याला आपोआप धरतं. अंगाच्या मापाचं, पुढे बक्कल असलेलं लाइफ जॅकेट आण. ते घालूनही राखण सुटत नाही. पोहण्याचे कपडे निळे घेतलेत की काय? बदलून भडक नारिंगी घ्या. निळ्या तळावर निळं मूल दिसत नाही.

आणि होऊ नये पण झालंच, तर उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही, पोट दाबायचं नाही. ओकारी फुप्फुसात जाते आणि वेळ जातो. श्वास चालू नसेल तर बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब. तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. धरणाकाठी कुठल्या फोनला रेंज येते आणि गाडीने पौडच्या दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, हे शनिवारी सकाळीच बघून ठेव. शुद्धीवर आलेलं मूलही नंतर खोकत राहिलं, धापा टाकायला लागलं, सुस्तावलं, तर "आता बरा आहे" म्हणून झोपवू नका, सरळ दवाखान्यात न्या. हे सगळं मी साठीनंतर प्रथमोपचाराच्या वर्गात पुतळ्यावर शिकले. मनगटं दोन दिवस दुखत होती. तुम्ही दोघंही करून टाका, एका दिवसाचं काम आहे.

टोपी मागितली तेव्हा बाबांनी कशाला ते विचारलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आत गेले, टोपी साबणाने धुतली आणि गॅलरीत वाळत घातली. आता अकरा वाजत आले, तिथे उभे राहून सुकली का ते बघताहेत.

शंकरपाळ्यांच्या खाली तिखटमिठाच्या पुऱ्या आहेत, त्या आधी संपवा. टोपी रविवारी रात्रीच आणून दे. सोमवारी पहाटे त्यांना पर्वतीला लागते.

तुझी,
आई