गुलाल कुणाचाही असो

महोदय,

निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या पेठेत देवालाही पक्षात घेतात. आपला माणूस आला तर 'आईनं न्याय केला', पडला तर 'देव झोपलाय का?' 2024 साली हे दोन्ही उद्गार तालमीच्या कट्ट्यावर एकाच तोंडून ऐकले. जूनमध्ये कोल्हापूर लोकसभेची जागा काँग्रेसने जिंकली. नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या दहापैकी एकही विधानसभा महाविकास आघाडीच्या वाट्याला आली नाही. साडेपाच महिन्यांत अंबाबाईने पक्ष बदलला म्हणायचे का?

उमेदवार कुठल्याही चिन्हाचा असो, अर्ज भरण्याआधी तिच्या पाया पडायला येतोच. तेव्हा ओटीच्या रांगेत विरोधी पक्षांचे दोन कार्यकर्ते पुढेमागे उभे दिसले. गळ्यातली उपरणी तेवढी खिशात कोंबलेली. ओटी दोघांचीही घेतली गेली. एका जागेवर दोघांना निवडून आणणे देवीच्याही हातात नाही. मग पडलेल्याची भक्ती कमी पडली, हे ठरवणारे आपण कोण? तिला बूथवरचा एजंट करून ठेवायचे आणि त्यालाच श्रद्धा म्हणायचे, हे काही पटत नाही.

आनंद करू नये असे नाही. जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हाणारा जिल्हा आहे हा! पण त्याच नोव्हेंबरात चंदगड मतदारसंघात ओवाळताना गुलालाचा भडका उडाला आणि विजयी उमेदवारासह काही महिला भाजल्या. इतके बेभान कशासाठी?

किरणोत्सवाचे पाहा. मावळतीची किरणे नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर गाभाऱ्यात देवीपर्यंत पोहोचतात. वाटेत बांधकामे आड आली, तेव्हा मोजणी करून अडथळे काढायला लागले. नवस बोलून किरणे पुढे सरकली नाहीत. ढग आले तर मात्र हात जोडून घरी जायचे, रुसायचे नाही. मतदान करणे, निवडून आलेल्याला कामाचे विचारणे, हा आपला वाटा. निकाल त्या ढगांसारखा.

2019 आणि 2021 चा महापूर ज्यांच्या घरात शिरला, त्यांना पाण्याने पक्ष विचारला नव्हता. पंचगंगेत सांडपाणी मिसळते तेही सगळ्यांच्याच घरचे. तेव्हा निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपण हारतुऱ्यांचे फोटो छापालच, त्यांच्या शेजारी त्या उमेदवाराने पंचगंगेबद्दल दिलेला शब्दही छापावा, ही विनंती. हरलेल्याचाही छापा, पुढच्या वेळी तोच ओटी घेऊन येणार आहे.

एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर