बसून खाण्याचा हिशेब

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

‘घरी बसायचे पैसे सरकार का देते रे?’ असे बाबांनी रविवारी फोनवर विचारले तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

पहिली गोष्ट, ही खैरात नाही. येथे जर्मनीत पगारातून दरमहा १.३ टक्के रक्कम बेकारी विम्यासाठी कापली जाते आणि तेवढीच कंपनी भरते. आमचा विभाग बंद झाल्यावर, पदरी मूल असल्यामुळे, मला शेवटच्या निव्वळ पगाराच्या ६७ टक्के भत्ता मिळतो. मूल नसते तर ६० टक्के मिळाला असता. माझ्या वयाला त्याची मुदत १२ महिने आहे. सबळ कारण नसताना मी आपण होऊन नोकरी सोडली असती, तर पहिले १२ आठवडे दमडीही मिळाली नसती.

आता बाबांची खरी शंका, की अशाने माणूस सुस्तावतो. ती अगदीच खोटी नाही. पूर्वी येथे ५७ वर्षांपुढच्यांना ३२ महिने भत्ता मिळे आणि पुष्कळजण त्यावर थेट निवृत्तीपर्यंत काढत. २००६ मध्ये मुदत १८ महिन्यांवर आणली, दोन वर्षांनी ५८ पासून पुढच्यांसाठी ती पुन्हा २४ केली. मीही पहिल्या महिन्यात दोन जाहिरातींना उत्तर पाठवले नव्हते, हे आईने बाबांना सांगितले नसेल तर मीच सांगतो.

मात्र एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पहिले तीन महिने, जुन्या पगारापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घट होत असेल तर ते काम नाकारता येते. पुढचे तीन महिने ही सूट ३० टक्क्यांवर जाते. सातव्या महिन्यापासून मात्र भत्त्याइतकी निव्वळ कमाई देणारे कामही घ्यावे लागते. आपल्या कसबाचे काम शोधायला सवड मिळते, आणि ती सवड हळूहळू आटतही जाते. हे वाचताना मला बाबांची रखवालदारी आठवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि एकट्याने कापडाचे चार साचे चालवणाऱ्या माणसाने हाताला लागले ते पहिले काम, रखवालदाराचे, धरले, कारण दुकानदाराची उधारी थांबायला तयार नव्हती. त्यानंतर बाबा पुन्हा साच्यापुढे उभे राहिले नाहीत. तेव्हा सहा महिने जरी असा आधार मिळाला असता, तर बाबा बसून राहिले असते असे मला वाटत नाही.

माझा सध्या चौथा महिना चालू आहे. गुरुवारी स्टुटगार्टहून उल्मला मुलाखतीसाठी जायचे आहे. पगार जुन्यापेक्षा २५ टक्क्यांनी कमी आहे. गेल्या महिन्यात त्या कारणाने नकार देता आला असता, आता येणार नाही. काम माझ्याच विषयातले आहे, त्यामुळे मिळाले तर घेईन. आईने पैसे पाठवू का म्हणून पुन्हा विचारू नये; घरभाडे वेळेवर जात आहे.

तुमचा,
धाकटा