हातोडी आधी खाली ठेव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. सायकलची डावी क्रँक, म्हणजे पेडल बसतं तो दांडा, काढायला बघतोयस पण दोन दिवस हलत नाहीये आणि आता मागून हातोडीचे चार घाव घालून बघणार आहेस, हे वाचलं आणि तसाच लिहायला बसलो. हातोडी आधी खाली ठेव. क्रँकवर घातलेला घाव तिथे थांबत नाही, तो एक्सलमधून, म्हणजे दोन्ही क्रँकना जोडणाऱ्या आडव्या कण्यातून, सरळ बीबीच्या (एक्सल ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या) छर्‍यांवर जातो. छर्‍यांच्या वाटीत बारीक खळगे पडतात आणि मग पेडल फिरवताना कायमची खरखर लागते. कटकट आवाज घालवायला म्हणून तू हे काम काढलंस, त्यात ही भर नको.

मधलं झाकण काढल्यावर आत १४ च्या पान्याचा बोल्ट दिसला असं तू लिहिलंयस. म्हणजे तुझा एक्सल बहुतेक चौकोनी टोकाचा आहे. तरी बोल्ट निघाल्यावर आत टॉर्च मारून खात्री कर. चौकोनाऐवजी दाते दिसले, तर तिथे एक्सलचं भोक मोठं असतं. चौकोनी एक्सलच्या पुलरचं (क्रँकच्या आट्यांत बसवून, स्क्रूने एक्सलला रेटत क्रँक ओढून काढायचं अवजार) बारीक टोक त्या भोकात शिरून आतले आटे खराब करतं. त्याला रुंद टोकाचा पुलर लागतो. डाव्या क्रँकला बाहेरून आवळायचे दोन छोटे बोल्ट असतील, तर गोष्टच वेगळी, तिथे पुलरचं कामच नाही. आणि जुनी कॉटर पिनची, म्हणजे आडव्या खिळीने अडकवलेली क्रँक असती तर तू झाकणाबद्दल लिहिलंच नसतंस.

चौकोनी एक्सलची गंमत समजली की पुढचं सगळं समजतं. एक्सलचं टोक निमुळतं असतं, प्रत्येक बाजूला फक्त २ अंशांचा उतार. बोल्ट आवळला की क्रँक त्या उतारावर चढत जाते आणि पाचरीसारखी घट्ट बसते. म्हणून बोल्ट काढला तरी ती जागची हलत नाही. पण पाचरीचं दुसरंही एक आहे. केसभर मागे सरकली की पूर्ण मोकळी. तुला क्रँक फार लांब ओढायची नाहीये, पहिला तो केसभर सरकायला हवा, एवढंच.

आता जे सांगतो ते तुला तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. तू मला दिलेली ती निळी सायकल आठवते ना? तिच्या डाव्या क्रँकचे आटे मी घालवले. बोल्ट काढला, आत काळ्या ग्रीसमध्ये गोल, सपाट असं काहीतरी दिसलं, मला वाटलं एक्सलचंच टोक. पुलर बसवला आणि जोर लावला. जरा वेळ हाताला चांगला घट्टपणा लागत होता, मग एकदम सगळं मऊ झालं. पुलर हातात आला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती, क्रँकचे आटे सोलून निघालेले. फडक्याने आत पुसलं तेव्हा कडेला एक बारीक रेघ दिसली. तो वायसर होता. बोल्टबरोबर निघाला नव्हता, ग्रीसने आत चिकटून राहिला होता. मी पुलरने एक्सलला नाही, वायसरला रेटत होतो, आणि वायसर टेकला होता क्रँकवर. म्हणजे क्रँक स्वतःलाच ढकलत होती. सायकल तू इतक्या जिवाने सांभाळलेली, म्हणून सांगायची हिंमत झाली नाही.

म्हणून तुला पहिली विनंती हीच, की दुसरं काही करायच्या आधी वायसर बघ. फडक्याने पूस, टॉर्च धर, टोकदार काहीतरी घेऊन कडेने फिरव. लोहचुंबक असेल तर सोपं, नाहीतर बारीक स्क्रूड्रायव्हरने उचकट. दोन दिवस हलत नाहीये म्हणतोस, तेव्हा मला खरा संशय त्याचाच आहे. एक्सलचं टोक ओळखायची खूण म्हणजे मधलं बोल्टचं भोक आणि त्याच्याभोवती चौकोनी कडा. कडा गोल दिसली तर वायसर अजून आत आहे.

मग क्रँकचे आटे जुन्या टूथब्रशने स्वच्छ कर. त्यात चिखल आणि वाळू बसलेली असते, विशेषतः झाकण मध्ये कधी हरवलेलं असेल तर. आटे २२ मिमीचे असतात, १ मिमी अंतराचे. काही जुन्या फ्रेंच क्रँकना २३ किंवा २३.३५ मिमीचे पुलर लागतात, पण तुझी तेवढी जुनी नाही. पुलरचा आतला स्क्रू आधी पूर्ण मागे घे. हे बरेच जण विसरतात. स्क्रू पुढे राहिला तर तो आधीच एक्सलला टेकतो, बाहेरची बाही दोन-तीन आटेच आत जाते आणि सगळा जोर त्या दोन-तीन आट्यांवर येतो. बाही नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरली पाहिजे. मध्येच अडली तर तिरकी बसली आहे, मागे घे, पुन्हा सुरू कर. पान्याने दामटायचं नाही. ती टेकली की पान्याने जरा आवळ, मगच स्क्रू आत घ्यायला लाग.

जोर लावायची पद्धत: पाना असा लाव की त्याचा दांडा क्रँकच्या जवळपास शेजारी येईल, आणि दोन्ही एका मुठीत धरून एकमेकांकडे दाब. सायकल जागची हलत नाही आणि जोर नेमका जिथे हवा तिथे जातो. उजवी काढताना चेन मोठ्या चाकीवर ठेव, पाना सटकला तर बोटं दात्यांवर जात नाहीत.

एवढं करूनही हलली नाही, तर खरोखर गंज धरलाय असं समज. पोलादी एक्सल आणि अ‍ॅल्युमिनियमची क्रँक यांच्यात ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड येते आणि ती सांध्यात ठासून बसते. अशा वेळी घाई सोडायची. सायकल डावी बाजू वर करून आडवी ठेव, गिअरवर वजन येणार नाही असे ठोकळे खाली घाल, आणि गंज सोडवणारं पातळ तेल बोल्टच्या भोकात आणि मागच्या फटीत सोड. शिवणयंत्राचं तेल या कामाला तितकं उपयोगी नाही. रात्रभर तसंच राहू दे.

सकाळी पुलर लाव, स्क्रू चांगला ताणून ठेव आणि त्या ताणावर क्रँकला मुळाशी उकळतं पाणी ओत. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे क्रँक तापली आणि एक्सल अजून गार आहे त्या थोड्या वेळात पकड ढिली होते. पाणी थेट छर्‍यांकडे जाणार नाही असं फडकं मागे गुंडाळ. ज्योत मात्र वापरू नकोस, रात्री सोडलेलं तेल पेट घेऊ शकतं. यानंतर पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एक हलका टोला, पुन्हा पाव फेरा. हातोडीचं काम एवढंच. टक् असा आवाज येईल, तुटल्यासारखा. घाबरू नकोस, ती निघाल्याची खूण आहे.

आटे गेलेच असतील तर? मी तेव्हा दोन पायांचा बेअरिंग पुलर आणला, त्याचे पाय क्रँकच्या मागे अडकवले, मधलं टोक एक्सलच्या मधोमध धरलं, आणि गरम पाण्याने निघाली. डावीकडे हे जमतं. उजवीकडे चाकीचे हात आड येतात, तिथे पायांना जागा शोधावी लागते. काही जण बोल्ट सैल करून सायकल थोडी चालवतात, क्रँक आपोआप सुटेपर्यंत. सुटते खरी, पण तिचं चौकोनी भोक फाकतं आणि ती क्रँक पुन्हा कधी घट्ट बसत नाही. फेकून द्यायचीच असेल तर कर, नाहीतर नको. फेकायचीच असेल तर हॅकसॉने कापणंही मला त्यापेक्षा बरं वाटतं. क्रँक बदलणार असशील तर पेडल मात्र आधीच काढ, ती अजून सायकलवर असताना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. क्रँकच्या बोल्टचे मात्र दोन्हीकडे सुलटे.

परत बसवताना एक्सलचा चौकोन आणि क्रँकचं भोक कोरडं पुसून घे, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लाव आणि ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या मध्ये आवळ. मी ४० ला थांबतो. वायसर विसरू नकोस, आणि झाकण लावच, पुढच्या वेळचे आटे तेच वाचवतं.

ती निळी सायकल अजून चालते. क्रँक तीच आहे, आटे नसलेली. तू आलास की दाखवीन, आणि दोन पायांचा पुलर आत्ताच तुझ्याकडे पाठवून देतो, लागो न लागो. वायसर आत सापडला की नाही ते मात्र लगेच कळव.

तुझाच